नवऱ्यानं बायकोच्या देशात का येऊ नये?

लग्न झालं की मुलगी सासरी जाते, हे आपण धरूनच चालतो. जावई सासुरवाडीला राहायला आला, तर त्याला 'घरजावई' म्हणून सगळं गाव हसतं. पण ही समजूत फक्त आपल्याच गावात आहे असं नाही. १९८० साली ब्रिटनच्या सरकारनं ती सरळ नियमांतच लिहून ठेवली होती. त्या नियमाविरुद्ध तीन बायका कशा भांडल्या, ती गोष्ट आज आपण ऐकू या.

त्याआधी थोडं मागं जाऊ. परक्या देशात असलेल्या जोडीदाराकडं जायला मिळावं म्हणून भांडण्याची वेळ आपल्या बायकांवर फार पूर्वी आली होती. १९१३ साली दक्षिण आफ्रिकेत बाई मरियम नावाच्या स्त्रीला नवऱ्याबरोबर राहायला परवानगी नाकारली गेली. प्रकरण कोर्टात गेलं. न्यायमूर्ती सर्ल यांनी निकाल दिला की, ज्या धर्मात एकाहून जास्त लग्नं करता येतात, त्या रीतीनं झालेलं लग्न इथं धरलं जाणार नाही. म्हणजे हजारो हिंदू आणि मुसलमान बायका एका दिवसात कायद्यापुढं 'बायको' उरल्याच नाहीत. कस्तुरबा गांधी आणि त्यांच्याबरोबरच्या बायका यावरून सत्याग्रहात उतरल्या. कस्तुरबांनी तीन महिने सक्तमजुरी भोगली. शेवटी १९१४ च्या कायद्यानं या लग्नांना मान्यता दिली. कोर्टात हरलेली गोष्ट बायकांनी तुरुंगात जाऊन परत मिळवली.

आता ब्रिटनकडं वळू. दुसऱ्या महायुद्धानंतर भारत, पाकिस्तान आणि आजच्या बांगलादेशातून पुष्कळ पुरुष तिकडं गिरण्यांत, कारखान्यांत कामाला गेले. मागून त्यांच्या बायका निघाल्या. नियमानं त्यांना जाता येत होतं. पण नियमात असणं वेगळं आणि हातात कागद पडणं वेगळं. मुलाखतीची तारीख मिळायलाच महिनोन् महिने, कधी वर्षं जायची. लग्न खरं की खोटं हे बघायला नवऱ्याला आणि बायकोला वेगवेगळं विचारायचे. उत्तरं जुळली नाहीत की नकार.

हे झालं नवऱ्याकडं जाणाऱ्या बायकोचं. बायकोकडं येणाऱ्या नवऱ्याचं काय? १९८० च्या नियमानुसार ब्रिटनमध्ये कायमचा राहणारा पुरुष परदेशातली बायको आणू शकत होता. बाईला नवरा आणायचा असेल तर मात्र ती ब्रिटिश नागरिक हवी, आणि ती स्वतः किंवा तिचे आई-वडील यांपैकी एक तरी ब्रिटनमध्येच जन्मलेले हवेत. बाहेरून येऊन तिथं कष्ट करून स्थिरावलेल्या बाईला ही अट पुरी करणं शक्यच नव्हतं. जन्म कुठं घ्यायचा, हे काय कुणाच्या हातात असतं?

या अटीत तिघी अडकल्या. पहिल्या श्रीमती अब्दुलअझीझ. जन्म आफ्रिकेतल्या मलावी देशातला, मूळ भारतीय. त्यांचे पती जन्मले दमणला, म्हणजे आपल्या पालघरच्या उत्तरेला, समुद्रकाठी. तेव्हा दमण पोर्तुगालच्या ताब्यात होतं, म्हणून ते पोर्तुगीज नागरिक. दुसऱ्या श्रीमती कबालेस, फिलिपिन्सहून १९६७ साली आलेल्या नर्स. तिसऱ्या श्रीमती बल्कंदाली, जन्म इजिप्तचा, पती तुर्कस्तानचे. या तर ब्रिटिश नागरिक झाल्या होत्या, पण जन्म बाहेरचा म्हणून त्यांनाही नकारच आला.

आधी तिथल्याच अपिलाच्या वाटा चोखाळून झाल्या. उत्तर आलं की अधिकाऱ्यानं नियमाप्रमाणंच केलं आहे. पण नियमच वाकडा असेल तर तक्रार कुठं करायची? ती जागा देशात नव्हती. म्हणून त्या फ्रान्समधल्या स्ट्रासबर्ग शहरी गेल्या. युरोपातल्या देशांनी मिळून मानवी हक्कांचा एक करार केला आहे. तो मोडला तर सरकारविरुद्ध तिथं दाद मागता येते.

सरकारचं म्हणणं काय होतं? देशात बेकारी आहे, बाहेरून आलेला पुरुष नोकरी मागतो, आलेली बायको बहुधा घरीच बसते. म्हणून पुरुषांना अडवायचं. कोर्टाला हे पटलं नाही. बायकाही कमावतात, आणि एवढा भेद करण्याइतका फरक त्यातून पडत नाही, असं कोर्ट म्हणालं. २८ मे १९८५ रोजी निकाल लागला. बाई म्हणून वेगळी वागणूक दिली, आणि देशात दाद मागायची पुरेशी सोय ठेवली नाही, या दोन्ही गोष्टींत ब्रिटन चुकलं.

पण निकाल पूर्ण ऐकायला हवा. जोडप्यानं कुठल्या देशात संसार थाटायचा, ती निवड सरकारनं मान्य केलीच पाहिजे, असं कोर्टानं म्हटलं नाही. वंशावरून भेद झाल्याचंही मानलं नाही. मनस्तापाबद्दल पैसेही दिले नाहीत. निकाल लागला हीच भरपाई, असं सांगितलं.

आणि पुढं सरकारनं काय केलं? नवरे आणि बायका सारखे करायचे होते, तर नवऱ्यांची वाट मोकळी करता आली असती. सरकारनं उलट केलं. त्याच वर्षी बायकांची वाटही नवऱ्यांइतकीच अवघड केली. 'तुमच्या लग्नाचा मुख्य हेतू ब्रिटनमध्ये घुसणं हा नाही, हे सिद्ध करा,' अशी जी अट नवऱ्यांना होती, ती आता बायकांनाही लागली. मनातला हेतू कागदावर कसा सिद्ध करायचा? ही अट १९९७ साली निघाली. आता तिथं कमाईची अट आहे. जोडीदार आणायचा तर ठरावीक मिळकत दाखवावी लागते, आणि कमी पगारावर काम करणाऱ्या बायकांना ती जड जाते.

मग तिघींची लढाई फुकट गेली का? आम्हाला तसं वाटत नाही. 'बाई नवऱ्याच्या मागं जाते' ही रीत आहे, कायदा नाही, हे एका सरकारला भर कोर्टात ऐकावं लागलं.

आणखी एक गोष्ट कामाची. तिघींना नकार लेखी मिळाला होता, म्हणून तो पुढं नेता आला. उत्तरच न देता अर्ज दाबून ठेवला तर काय? त्यासाठी आपल्या राज्यघटनेच्या कलम २२६ खाली उच्च न्यायालयात 'परमादेश' मागता येतो. अमेरिकेतही व्हिसा रखडलेली जोडपी अशाच आदेशासाठी कोर्टात जातात. यात कोर्ट सहसा 'हो म्हणा' असं सांगत नाही, 'निर्णय द्या' असं सांगतं. पण तेवढं मागायलाही अर्ज केल्याचा पुरावा लागतो. म्हणून रेशन कार्डाचा असो की व्हिसाचा, अर्ज दिला की तारीख-शिक्क्याची पोच घ्यायचीच.

गटाच्या पुढच्या बैठकीत एक प्रश्न घ्या: आपल्या गावात कुठली रीत नियमासारखी वागते आहे? काय बोलणं झालं ते आम्हाला नक्की कळवा. नमस्कार.