एका प्रयोगाचं भाडं

मागच्या वर्षी घरच्या संगणकावरच्या काही फायली मला बाहेरगावाहून उघडायच्या होत्या. दोन दिवस खटपट केली, जमेना. शेवटी इंटरनेटची जोडणी देणाऱ्या केबलवाल्याला फोन केला. तो म्हणाला, "सर, तुम्हाला स्वतःचा पत्ताच नाहीये. हवा असेल तर महिन्याला वेगळे पैसे पडतील." पत्ता का नव्हता, हे शोधताना मी १९७७ पर्यंत मागे गेलो.

त्या सुमारास अमेरिकी संरक्षण खात्याच्या आर्पा या संस्थेत विंट सर्फ निरनिराळी नेटवर्क एकमेकांना जोडण्याचा प्रयोग चालवत होते. प्रत्येक यंत्राचा पत्ता किती लांब असावा यावर बराच खल झाला आणि बत्तीस बिट ठरले. म्हणजे सुमारे ४२९ कोटी पत्ते. प्रयोगासाठी ते भरपूर होते. पण सर्फ यांनीच पुढे सांगितल्याप्रमाणे, तो प्रयोग कधी संपलाच नाही.

१ जानेवारी १९८३ रोजी आर्पानेटनं जुनी पद्धत बंद करून ही नवी पद्धत स्वीकारली. यंत्रं काहीशेच होती आणि हुकूम वरून होता. आपण या बदलातून तरलो, असे बिल्लेही काहींनी मिरवले. त्या काळात पत्ते मुक्तहस्ते वाटले गेले. एमआयटी या एका विद्यापीठाला १ कोटी ६७ लाख, फोर्ड मोटार कंपनीला तेवढेच.

ऑगस्ट १९९५ मध्ये विदेश संचार निगमनं भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट खुलं केलं. त्याच वर्षी डिसेंबरात आयपीव्ही-६ या नव्या पद्धतीचा पहिला आराखडा प्रसिद्ध झाला. त्यात पत्ता १२८ बिटांचा. एकूण पत्त्यांची संख्या लिहायला ३९ अंक लागतात. म्हणजे आपण दारात आलो तेव्हाच टंचाईवरचा उपाय कागदावर होता.

तो अमलात का आला नाही? एक तर नवी पद्धत जुनीशी थेट बोलू शकत नाही, त्यामुळे दोन्ही शेजारी शेजारी चालवाव्या लागतात. जो आधी बदलेल त्याच्या माथी खर्च, फायदा मात्र बाकीचे बदलल्यावर. आणि १९८३ सारखा हुकूम सोडणारं आता कुणी उरलं नव्हतं.

दुसरं कारण म्हणजे १९९४ मध्ये मांडली गेलेली एक तात्पुरती युक्ती : एका सार्वजनिक पत्त्यामागे अनेक यंत्रं. चाळीचा पत्ता एक, बिऱ्हाडं पन्नास. तुम्ही पाठवलेल्या पत्राचं उत्तर दारावरचा माणूस नोंद पाहून बरोबर तुमच्या खोलीत आणून देतो. पण बाहेरून कुणी आपणहून पत्र धाडलं, तर ते कोणत्या खोलीचं हे त्याला कळत नाही. बहुतेकांचं यात भागलं. म्हणून ही सोय मुक्कामाला राहिली. माझ्या फायली अडल्या त्या याच दारात.

३ फेब्रुवारी २०११ रोजी जागतिक साठ्यातले शेवटचे पाच मोठे गट वाटले गेले. एप्रिलमध्ये आशिया-पॅसिफिकचा वाटा रेशनवर आला. त्याच वर्षी मायक्रोसॉफ्टनं दिवाळखोर नॉर्टेलकडून ६,६६,६२४ पत्ते ७५ लाख डॉलरना घेतले. फुकट वाटलेल्या आकड्यांना बाजारभाव आला होता. ६ जून २०१२ रोजी मोठ्या कंपन्यांनी नवी पद्धत कायमची सुरू केली. तरीही बदल रांगतच राहिला.

तो उठून चालू लागला ते जुने पत्ते पुरेसे नव्हते तिथे. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओची सेवा सुरू झाली. कोट्यवधी ग्राहकांना पुरतील एवढे जुने पत्ते मिळणं शक्यच नव्हतं, म्हणून जाळं आयपीव्ही-६ वर उभारलं गेलं आणि जुन्या संकेतस्थळांसाठी रूपांतराची सोय ठेवली गेली. काही वर्षांतच भारत या वापरात जगातल्या आघाडीच्या देशांत गेला.

याला आपली दूरदृष्टी म्हणायचा मोह मला होतो, पण ते खरं नाही. ज्यांच्याकडे जुन्या पत्त्यांचा साठा होता त्यांना घाई नव्हती. उशिरा आलेल्यांपुढे दुसरा रस्ता नव्हता.

आज माझ्या खिशातल्या फोनला आयपीव्ही-६ चा पत्ता आहे. घरच्या जोडणीला अजून नाही. तिथे मी केबलवाल्याचे ते वेगळे पैसे भरतो : जवळपास पन्नास वर्षांपूर्वीच्या, न संपलेल्या प्रयोगाचं भाडं.