स्वभावाचे खण

‘स्वभावाला औषध नाही’ असे म्हणून आपण पुष्कळ माणसे निकालात काढतो. कचेरीत तर हे वाक्य फारच सोयीचे पडते. हट्टी, संशयी, एकलकोंडा असा एखादा शेरा माणसावर बसला की तो त्याच्या बदलीबरोबर दिल्लीहून कोलकात्याला आणि तेथून शिलाँगला जातो. परंतु स्वभाव कोठे संपतो आणि विकार कोठे सुरू होतो, या प्रश्नाने वैद्यकशास्त्राला गेली दोनशे वर्षे पेचात टाकले आहे. त्या पेचाचा इतिहास आम्हां दप्तरी मंडळींनी जाणून घेण्यासारखा आहे.

स्वभावांची वर्गवारी मात्र याहून फार जुनी. अ‍ॅरिस्टॉटलचा शिष्य थिओफ्रॅस्टस याने खुशामत्या, बडबड्या, कंजूष, बढाईखोर अशा तीस माणसांची शब्दचित्रे रेखाटली. आपल्याकडे चरकसंहितेत सत्त्वाचे सोळा प्रकार सांगितले आहेत: सात सात्त्विक, सहा राजस, तीन तामस. समर्थांची मूर्खलक्षणे तर वाचकांना सांगावयास नकोत. तथापि थिओफ्रॅस्टसच्या कंजुषाला किंवा दासबोधातील पढतमूर्खाला कोणी रोगी ठरविले नव्हते.

ते पाऊल पॅरिसमध्ये पडले. फिलीप पिनेल या वैद्याने १८०१ साली आपल्या ग्रंथात एका धनिकपुत्राची हकीकत दिली. दुर्बल मनाच्या आईने लाडावलेला हा एकुलता एक मुलगा मोठेपणी आपल्या जमीनजुमल्याचा कारभार नीट पाही, परोपकारही करी. परंतु संताप आला की त्याला धरबंध राहत नसे. अपशब्द बोलणाऱ्या एका स्त्रीला त्याने विहिरीत लोटले आणि त्याची रवानगी बिसेत्रच्या आश्रयगृहात झाली. वेडेपणा म्हणजे बुद्धिभ्रंश, ही तोपर्यंतची समजूत. येथे तर बुद्धी शाबूत होती! पिनेलने या अवस्थेला ‘भ्रमाविना उन्माद’ असे नाव दिले. १८३५ साली ब्रिस्टलच्या प्रिचर्डने ‘नैतिक उन्माद’ ही संज्ञा रूढ केली. त्याच्या ‘नैतिक’ या शब्दात भावना आणि वृत्तीही अभिप्रेत होत्या. लोकांनी मात्र त्याचा अर्थ दुराचार एवढाच घेतला.

हा शब्दच्छल पुढे न्यायालयात जीवनमरणाचा ठरला. पॅरिसला कॉन्सल म्हणून नेमणूक मिळावी यासाठी वॉशिंग्टनमध्ये हेलपाटे घालणाऱ्या चार्ल्स गितो याने २ जुलै १८८१ रोजी राष्ट्राध्यक्ष गारफील्ड यांच्यावर गोळी झाडली. (या हत्येनंतर १८८३ साली अमेरिकेत परीक्षेने नोकरभरती करण्याचा कायदा झाला, हे आमच्या व्यवसायबंधूंच्या माहितीसाठी.) खटल्यात वैद्यांचे दोन तट पडले. कोणी त्याला वेडा म्हटले. नैतिक उन्माद म्हणजे निव्वळ दुष्टपणा, असे सरकारपक्षाच्या डॉक्टर ग्रे यांचे मत. ३० जून १८८२ रोजी गितो फासावर गेला.

पुढे जर्मनीत कुर्ट श्नायडरने १९२३ साली अशा व्यक्तींचे दहा प्रकार मांडले. त्याची व्याख्या आम्हांला आजही मोलाची वाटते: ज्यांच्या वेगळेपणाचा त्यांना स्वतःला किंवा समाजाला त्रास होतो, ते. निव्वळ वेगळेपणा म्हणजे विकार नव्हे. तसे पाहिले तर संतही चारचौघांसारखा नसतोच.

अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांच्या संस्थेने १९८० साली अकरा प्रकारांची यादी केली. १९९४ साली ती दहावर आली. संशयी, एकलकोंडे व विक्षिप्त हे एका गटात. समाजविघातक, भावनांच्या वादळात सापडणारे ‘बॉर्डरलाइन’, नाटकी व आत्मपूजक दुसऱ्यात. लोकांना टाळणारे, परावलंबी आणि अतिकाटेकोर तिसऱ्यात. खण सुबक होते, पण माणसे त्यांत मावेनात. एकाच रुग्णाला दोन-तीन नावे लागू पडत. बॉर्डरलाइन प्रकाराची तर नऊ लक्षणे, त्यांपैकी कोणतीही पाच पुरेशी. हिशेब केला तर याचे २५६ मेळ होतात, आणि त्या एकाच नावाच्या दोन रुग्णांत अवघे एक लक्षण समान असू शकते. एवढा सैल वर्गीकरणाचा नियम आमच्या अभिलेखशाखेतही कोणी चालवून घेणार नाही.

अमेरिकन मंडळींनी २०१३ च्या आवृत्तीतही ते दहा प्रकार कायम ठेवले. जागतिक आरोग्य संघटनेने मात्र १ जानेवारी २०२२ पासून अमलात आलेल्या आपल्या यादीत जुने खण मोडून काढले. आता प्रथम विचारावयाचे ते विकार सौम्य, मध्यम की तीव्र एवढेच. त्यानंतर हवे तर स्वभावाचा कल नोंदवावयाचा. एक बॉर्डरलाइन तेवढा पुरवणीदाखल टिकला. आमच्या मते हा बदल योग्य दिशेचा आहे, कारण तीव्रता कमी होऊ शकते. नाव मात्र चिकटून राहते.

बॉर्डरलाइन रुग्ण म्हणजे डॉक्टरांची डोकेदुखी, असाच समज पुष्कळ वर्षे होता. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ मार्शा लिनेहान यांनी स्वतःला इजा करणाऱ्या अशा स्त्रियांसाठी उपचारपद्धती सिद्ध केली आणि तिने इजेचे प्रकार घटतात, हे १९९१ साली प्रयोगाने दाखविले. या बाईंना एवढी दृष्टी कोठून आली, याचा उलगडा २०११ साली झाला. सतराव्या वर्षी त्या स्वतः हार्टफर्डच्या मनोरुग्णालयात दाखल होत्या, अंगावर भाजल्याचे आणि कापल्याचे व्रण घेऊन. तेथील कागदपत्रांत त्यांचा रोग छिन्नमनस्कता असा नोंदविलेला होता. पन्नास वर्षांनी त्याच संस्थेत उभ्या राहून त्यांनी ही हकीकत सर्वांसमक्ष सांगितली.