सोन्याच्या तीन माश्या

माशी हा काही सोन्यात घडवावा असा कीटक नव्हे. तरीही ईजिप्तमधील लक्सरच्या वस्तुसंग्रहालयात सोन्याची एक साखळी आहे आणि तिला चांगल्या बोटभर लांबीच्या तीन सुवर्णमाश्या लोंबत आहेत. कितीही हाकलले तरी पुन्हा पुन्हा चालून येणाऱ्या शूर योद्ध्याला त्या देशात सोन्याची माशी बहाल करीत, असे अभ्यासक मानतात. ही साखळी मात्र कुणा सेनापतीची नाही. सुमारे साडेतीन हजार वर्षांपूर्वी होऊन गेलेल्या अहहोतेप नावाच्या राणीच्या शवपेटिकेत ती मिळाली. सोबत राजा अहमोस याच्या नावाची कुऱ्हाड आणि खंजीरही होता. परकीय हिक्सोस राज्यकर्त्यांना देशाबाहेर घालविणारा राजा तो हाच.

१८५९ साली थीब्जजवळ ही शवपेटिका सापडली, तेव्हा उत्खननाचे प्रमुख ओग्यूस्त मारिएत तेथे हजर नव्हते. त्या प्रांताच्या सुभेदाराने पेटी ताब्यात घेऊन उघडली, राणीची ममी टाकून दिली आणि दागिने नावेत घालून राज्यकर्ता सईद पाशा याला नजराणा म्हणून रवाना केले. बातमी कळताच मारिएत आगबोटीने निघाले. नाईल नदीतच त्यांनी ती नाव गाठली आणि दरडावून दागिने सोडवून घेतले. पुढे १८६३ मध्ये कैरोच्या बुलाक भागात वस्तुसंग्रहालय उघडले, तेव्हा हे दागिने त्याचे भूषण ठरले.

प्राचीन ईजिप्तमध्ये अलंकार शोभेसाठी असत, तसेच ते रक्षणासाठीही असत. सोने काळवंडत नाही, म्हणून ते देवांचे शरीर मानले जाई. सिनाईतील हिरवट-निळा पिरोजा नवजीवनाची, तर तांबडा अकीक रक्ताची व चैतन्याची खूण होती. गडद निळा लाजवर्द दूर अफगाणिस्तानातील बदख्शानहून येई. पण या कलेतील सर्वांत परिचित आकृती आहे ती शेणकिड्याची. शेणाची गोळी ढकलीत नेणारा हा क्षुद्र जीव त्या लोकांना सूर्यबिंब पुढे नेणाऱ्या देवाचे रूप वाटला. मृताच्या छातीवर ते दगडी शेणकिडा ठेवीत. परलोकी न्यायाच्या तराजूत आपले हृदय तोलले जाईल, तेव्हा त्याने आपल्याविरुद्ध साक्ष देऊ नये, अशी विनवणी त्याच्या पोटावर कोरलेली असे. ज्याने ती कोरून घेतली, त्याच्या दृष्टीने तो दागिना नव्हता. मरणाच्या दारातली ती प्रार्थना होती.

युरोपला या आकृतींची खरी ओळख झाली ती नेपोलियनच्या १७९८ मधील स्वारीमुळे. सैन्याबरोबर त्याने दीडशेहून अधिक विद्वान आणि कलावंत नेले होते. त्यांनी रेखाटलेल्या चित्रांचे भव्य ग्रंथ १८०९ पासून प्रसिद्ध होऊ लागले. १८२२ मध्ये शांपोलियाँ यांनी चित्रलिपीचे कोडे उलगडले. मग कमळे, नाग आणि पंख पसरलेले शेणकिडे युरोपच्या सोनारांच्या हाती खेळू लागले. पुरातन घडणीचे अनुकरण करण्यात निष्णात असलेल्या रोममधील कास्तेल्लानी घराण्यानेही ईजिप्शियन घाटाचे दागिने घडविले.

१८६७ च्या पॅरिस प्रदर्शनात अहहोतेपचे दागिने मांडले गेले. फ्रान्सची सम्राज्ञी युजेनी त्यांच्यावर लुब्ध झाली आणि ते आपणास भेट मिळावेत अशी इच्छा तिने प्रकट केली. इस्माईल पाशा तेव्हा सत्तेवर होता. फ्रान्सच्या सम्राज्ञीला नकार देणे त्याला परवडणारे नव्हते. बुलाकमध्ये माझ्याहून समर्थ असा एक माणूस आहे, त्यालाच विचारावे, असे त्याने सुचविले, अशी हकीकत सांगतात. मारिएत स्वतः फ्रेंच. तरीही त्यांनी आपल्याच सम्राज्ञीला साफ नकार दिला. दागिने ईजिप्तला परतले.

याच मारिएतांनी पुढे व्हेर्दी यांच्या ‘आइडा’ या संगीतिकेचे कथासूत्र लिहिले. १८७१ मध्ये कैरोत झालेल्या तिच्या पहिल्या प्रयोगासाठी त्यांनी प्राचीन चित्रांवरून वेशभूषाही आखून दिली. घाट उचलण्यास त्यांची हरकत नव्हती. मूळ वस्तू हलविण्यास होती.

हा भेद पुढे पुसट झाला. नोव्हेंबर १९२२ मध्ये हॉवर्ड कार्टर यांना तुतानखामेनची कबर सापडली आणि ईजिप्शियन दागिन्यांची नवी लाट उसळली. पॅरिसच्या कार्तिए पेढीने याच काळात खरेदी केलेले प्राचीन तुकडे नव्या कोंदणात बसविले. लंडनमध्ये १९२४ साली घडविलेल्या तिच्या एका शेणकिड्याच्या पिनेचे निळ्या झिलईचे पंख खरोखर प्राचीन आहेत. अंग मात्र नव्याने पैलू पाडलेल्या स्फटिकाचे, आणि भोवती हिरे. कारागिरी अप्रतिम आहे, यात शंका नाही. पण ते पंख मुळात कोणाच्या कबरीतून निघाले आणि कोणासाठी घडविले होते, याचा मागमूस त्या सुंदर पिनेत उरत नाही.

मारिएतांनाही निष्कलंक ठरविण्याचे कारण नाही. १८५० मध्ये लुव्र संग्रहालयाने त्यांना कॉप्टिक हस्तलिखिते आणण्यास धाडले होते. त्याऐवजी त्यांनी सक्कारा येथे उत्खनन केले आणि सापडलेल्या हजारो वस्तू पॅरिसला पाठविल्या. नकार देण्याचे बळ त्यांच्यात पुढे आले. त्या भूमीत राहून, तिची जबाबदारी अंगावर घेतल्यावर आले. कार्टर यांच्या कबरीतील काही लहान वस्तूही परदेशी गेल्याच होत्या. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयाने अशा १९ वस्तू ईजिप्तला परत देण्याचे २०१० मध्ये जाहीर केले. त्यांत कांस्याचा एक चिमुकला कुत्रा होता आणि कंकणाचा एक भागही होता. ईजिप्तने स्वतः १९८३ च्या कायद्याने प्राचीन वस्तूंच्या व्यापारावर बंदी घातली आहे.

लिलावात आजही अशा जुन्या ईजिप्शियन घाटाच्या दागिन्यांना मोठी मागणी असते. त्यांतील घडण पाहून मन हरखते, आणि हरखावेही. मात्र सोनाराने येथे नुसता घाट घेतला की कुणाची वस्तूच घेतली, हा प्रश्न पाहणाऱ्याने मनाशी विचारावा.

मारिएत १८८१ मध्ये कैरोत वारले. तहरीर चौकातील जुन्या संग्रहालयाच्या बागेत त्यांची समाधी आहे. त्यांनी अडविले म्हणून राहिलेल्या त्या तीन माश्या आजही नाईलच्याच काठी आहेत.