तारामतीचा चेहरा

२०१६ साली पॅरिसहून पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयात एक मूकपट आला. नाव 'बिल्वमंगल', साल १९१९, काढणारे कलकत्त्याचे मादन. मूळ चित्रपट बारा हजार फुटांचा. आला तो ५९४ मीटर, म्हणजे जेमतेम दोन हजार फूट. त्या बदल्यात आपण त्यांना 'जमाईबाबू' या १९३१ सालच्या मूकपटाची डिजिटल प्रत दिली. शेजारणीला वाटीभर साखर द्यावी आणि तिने वाटीत डाळ घालून परत करावी, तसा व्यवहार!

तेव्हा ही बातमी वाचली आणि एकच प्रश्न डोक्यात राहिला. कलकत्त्यात बनलेला, सूरदासाची गोष्ट सांगणारा सिनेमा पॅरिसमध्ये शंभर वर्षं कुणी सांभाळला? आणि आपल्याकडे का नाही सांभाळला?

उत्तर शोधायला थोडं मागे जायला हवं.

सिनेमा आपल्याकडे आला तोच मुळी फ्रान्समधून. ७ जुलै १८९६ ला मुंबईच्या वॉटसन हॉटेलात ल्युमिएर बंधूंच्या माणसाने सहा छोटे चित्रपट दाखवले. तिकीट एक रुपया. त्यात स्टेशनात येणारी गाडी होती, समुद्रस्नान होतं, कारखान्यातून सुटलेले कामगार होते. म्हणजे पहिले 'नट' कोण, तर कारखान्याचे कामगार. त्यांना कुणी मेकअप केला नव्हता, संवाद शिकवले नव्हते. ते फक्त घरी निघाले होते. :)

पुढे फ्रान्समध्ये नटही आले. १९०८ साली 'द्यूक द गीझचा खून' हा चित्रपट निघाला, त्यात तिथल्या सर्वात मानाच्या नाटक कंपनीचे, कॉमेदी फ्राँसेझचे नट होते. सारा बर्नहार्ट म्हणजे युरोपच्या रंगभूमीची सम्राज्ञीच. तिने १९१२ साली पडद्यावर एलिझाबेथ राणी केली. आणि पाथे कंपनीचा माक्स लँदेर. रेशमी हॅट, छडी, टोकदार मिशा, आणि प्रत्येक पट्टीत काहीतरी फजिती. चार्ली चॅप्लिन या माणसाला आपला गुरू म्हणायचा, एवढं सांगितलं की पुरे.

आता आपल्याकडे या. ख्रिस्ताच्या आयुष्यावरचा चित्रपट मुंबईत पाहून फाळक्यांच्या मनात आपले राम आणि कृष्ण उभे राहिले, ही गोष्ट आपण शाळेपासून ऐकलेली आहे. १९१२ च्या सुरुवातीला ते लंडनला गेले, विल्यमसन कॅमेरा घेऊन आले, दादरला सेट उभारला. सगळं जमलं. अडलं कुठे, तर तारामतीपाशी.

बाई मिळेना. जाहिराती दिल्या, काही उपयोग झाला नाही. नाचगाण्याच्या वस्तीत विचारून पाहिलं, तिथल्याही बायका नाही म्हणाल्या. सिनेमात दिसणं हे त्यांनाही कमीपणाचं वाटत होतं. शेवटी ग्रँट रोडच्या एका हॉटेलात फाळक्यांना एक नाजूक हातांचा तरुण आचारी दिसला. अण्णा साळुंके. महिना दहा रुपये मिळत होते, फाळक्यांनी पंधरा देऊ केले. झाली तारामती!

फ्रान्सची सारा बर्नहार्ट आणि आपला हॉटेलातला आचारी. वाचून हसू येतं, येऊ द्या. पण पुढचं ऐका.

बाकीच्या बायकांच्या कामालाही पुरुषच होते. त्यातल्या काहींना मिशी काढायला सांगितली तर ते अडून बसले, कारण मिशी काढायची ती बाप गेल्यावर. शेवटी मनधरणी करून काढायला लावली. 'राजा हरिश्चंद्र' ३ मे १९१३ ला गिरगावच्या कोरोनेशनमध्ये लागला. आज त्याचा पहिला आणि शेवटचा भाग तेवढा शिल्लक आहे (तोही १९१७ साली नव्याने काढलेल्या चित्रपटाचा, असं काही अभ्यासकांचं म्हणणं आहे). त्यात हौदावर जलक्रीडेचा एक प्रसंग आहे. ओल्या लुगड्यांतले ते 'दासी' लोक बघताना पहिल्यांदा हसूच येतं. दुसऱ्यांदा पाहिलं की कळतं, ते कुणीही चेष्टा करत नाहीयेत. ते काम करतायत.

आमच्या झाडीतल्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही. झाडी म्हणजे झाडीपट्टी, आमचे गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा, गोंदिया हे धानाचे जिल्हे. ज्याने दंडार पाहिली आहे, त्याने लुगडं नेसलेला बाप्या पाहिला आहे. तो कोण आहे हे गावाला माहीत असतं. दिवसा त्याला धानाच्या बांधीत पाहिलेलं असतं. तरी रात्री तो रडला की समोरच्या बाया पदर डोळ्याला लावतात. शहरातल्या लोकांना वाटतं प्रेक्षक 'फसतो'. फसत काही नाही. तो समजून-उमजून मानतो. तिकडे पुण्या-मुंबईत बालगंधर्वांच्या बाबतीत लोक तेच करत होते, फक्त तिथे शालू भारी होते.

म्हणून १९१७ चा 'लंकादहन' मला फार महत्त्वाचा वाटतो. त्यात साळुंक्यांनी राम आणि सीता दोन्ही कामं केली. दोन्ही! एकाच माणसाचे दंड आणि एकाच माणसाचा चेहरा, तरी राम पडद्यावर आला की लोक चपला काढून ठेवत. मद्रासकडे तर जमा झालेली नाणी बैलगाडीतून न्यावी लागली, असं सांगतात. चार वर्षांपूर्वी हा माणूस हॉटेलात रांधत होता. पुढे तो कॅमेराही चालवायला शिकला. आज 'लंकादहन'चा काही मिनिटांचा तुकडा उरला आहे. बाकी राम गेला, सीताही गेली.

बायका पडद्यावर यायलाही फार वेळ लागला नाही. फाळक्यांच्या दुसऱ्याच चित्रपटात, 'मोहिनी भस्मासुर'मध्ये, दुर्गाबाई कामत पार्वती झाल्या आणि त्यांची लेक कमलाबाई मोहिनी. कमलाबाई तेव्हा तेरा-चौदा वर्षांच्या. त्याच पुढे कमलाबाई गोखले. चंद्रकांत गोखल्यांच्या आई, विक्रम गोखल्यांच्या आजी. एका घरातल्या चार पिढ्या नटांच्या, आणि सुरुवात एका आईने केलेली. समाजाने नाक मुरडलं तेव्हा या दोघी कुणाची परवानगी मागायला गेल्या नाहीत, पोटासाठी कामाला गेल्या. कमलाबाईंना दीर्घ आयुष्य लाभलं. नव्वदीच्या दशकात रीना मोहन यांनी त्यांच्यावर माहितीपट केला, म्हणून त्यांचा म्हातारपणीचा चेहरा आणि आवाज आपल्याकडे आहे. मोहिनी मात्र नाही. तो चित्रपट हरवला.

तिसरा चेहरा मंदाकिनी फाळकेचा. दादासाहेबांची मुलगी, सात वर्षांची, १९१९ च्या 'कालिया मर्दन'मध्ये कृष्ण. हा चित्रपट बराचसा टिकला आहे आणि मिळाला तर जरूर पाहा. सुरुवातीला फाळक्यांनी एक गंमत केली आहे. गोष्ट सुरू करण्याआधी ही पोर नुसते भाव दाखवते, एकामागून एक. मग तिचा कृष्ण होतो. जणू बाप सांगतोय, बघा, ही माझी लेक आहे, आणि आता बघा, हा कृष्ण आहे. आधी सांगून मग मानायला लावायचं. दंडारीतही हेच चालतं की!

आता मूळ प्रश्नाकडे. हे चेहरे गेले कुठे?

आपल्याकडे सुमारे तेराशे मूकपट बनले. त्यातले तीसच्या आसपास उरले, आणि तेही बरेचसे अर्धेमुर्धे. कारणं साधी आहेत. जुनी फिल्म नायट्रेटची, भडकन पेटणारी. उष्म्यात आणि दमटपणात ती चिकट होते, मग तिची भुकटी होते. पण सगळा दोष हवेवर ढकलून चालायचं नाही. बोलपट आल्यावर मूकपटाला कुणी विचारेना, आणि फिल्मवर चांदी असते. ती काढून घ्यायला कितीतरी रिळं विकली गेली. तारामती आणि मोहिनी भंगाराच्या भावात गेल्या म्हणा ना. जे उरलं त्यातलंही जानेवारी २००३ मध्ये पुण्यात लागलेल्या आगीत बरंच जळलं.

फ्रान्समध्ये सगळं आलबेल होतं असं समजू नका. जॉर्ज मेलिएस, चंद्रावरच्या सफरीचा चित्रपट काढणारा जादूगार, त्याने कर्ज आणि निराशेपायी १९२३ साली आपल्या निगेटिव्ह स्वतःच्या हाताने जाळल्या. नंतर पॅरिसच्या मोंपार्नास स्टेशनवर खेळण्यांचं दुकान चालवलं. आपले फाळके १९४४ साली नाशिकला गेले तेव्हा त्यांचीही फारशी कुणाला आठवण नव्हती. 'जोन ऑफ आर्क'ची (१९२८) मूळ निगेटिव्ह त्याच वर्षी जळाली. त्यातला फाल्कोनेत्तीचा चेहरा जगातल्या सर्वश्रेष्ठ अभिनयात गणतात. तिच्या मूळ चित्रपटाची प्रत १९८१ साली सापडली, तीही ऑस्लोच्या मनोरुग्णालयाच्या एका कपाटात.

फरक इतकाच की तिथे कुणीतरी मागे लागलं. आंरी लांगल्वा नावाच्या विशी-बाविशीच्या पोराने १९३६ साली सिनेमातेक उभं केलं. सुरुवातीला घरच्या न्हाणीघरातल्या टबात रिळांचे डबे! जर्मन पॅरिसमध्ये घुसले तेव्हा त्याने आणि मित्रांनी डबे लपवून ठेवले. चांगला-वाईट निवडत बसायचं नाही, मिळेल ते ठेवायचं, हा त्याचा खाक्या. आपला 'बिल्वमंगल' त्याच सिनेमातेकमधून परत आला.

आणि माक्स लँदेर. त्याने १९२५ साली बायकोसह जीव दिला. मागे राहिली मोद, एक-दीड वर्षाची तान्ही. बाप तिला आठवायचं कारणच नाही. मोठी झाल्यावर तिने त्याला पडद्यावर पाहिलं, आणि उरलेलं आयुष्य त्याची रिळं शोधण्यात घातलं. १९६३ आणि १९८३ साली त्याच्यावर चित्रपट केले. आज माक्स लँदेर आपल्याला दिसतो त्याचं मोठं श्रेय तिला. काय वाटलं असेल हो त्या पोरीला, पहिल्यांदा बाप हलताना-चालताना पाहिला तेव्हा?

आपल्याकडे हे काम एकट्या माणसाने केलं, पी. के. नायर यांनी. संग्रहालय १९६४ ला सुरू झालं आणि नायर फाळक्यांच्या मुलांकडून, कुणाच्या माळ्यावरून, कुठल्या गोडाऊनमधून तुकडे गोळा करत राहिले. फाळक्यांचे मूकपट आज पाहता येतात ते त्यांच्यामुळे. ते २०१६ च्या मार्चमध्ये गेले. त्याच वर्षी 'बिल्वमंगल' परत आला.

हे सगळं मी का लिहितोय? कारण नटाचं काम त्याच्याबरोबर जातं, आणि ते राहतं की नाही हे नटाच्या हातात नसतं. साळुंके चांगले होते की वाईट, हे मला ऐकीव माहितीवर ठरवायचं नाही. मला बघायचं होतं. बघता येत नाही, कारण तेव्हा कुणाला तरी वाटलं, ह्यात काय ठेवायचंय.

आणि आज आम्ही झाडीत नेमकं तेच म्हणतोय. दिवाळीपासून होळीपर्यंत मंडई आणि शंकरपटाच्या निमित्ताने गावोगाव रात्रभर नाटकं होतात. वडशाला कंपन्यांची रांग आहे. २०२३ साली डॉ. परशुराम खुणे यांना पद्मश्री मिळाली तेव्हा पाच हजारांवर प्रयोग आणि आठशे भूमिका असा आकडा सगळ्यांनी वाचला. आठशे भूमिका! त्यातल्या किती आज पाहायला मिळतील? आता मोबाईलवर रेकॉर्डिंग होतं खरं, पण मोबाईल बदलला की तेही जातं. आणि जी माणसं लुगडं नेसून दंडारीत उभी राहिली, त्यांचे तर फोटोही नाहीत. नायट्रेट तरी जळायला होतं, इथे जळायलाही काही नाही.

पद्मश्री फार थोड्यांना मिळते. लांगल्वा होणंही सगळ्यांना जमणार नाही. पण मोद लँदेर होता येतं, कारण ती फक्त कुणाची तरी मुलगी होती.

म्हणून हा ब्लॉग वाचणाऱ्या आमच्या घरच्या मंडळींना हात जोडून विनंती. मामाजी, तुमच्या पेटीत नाटकाची जी जुनी पत्रकं आहेत ती दिवाळीच्या साफसफाईत चुलीत घालू नका. मावशी, नाटकातल्या कपड्यांतला एखादा फोटो असेल तर मागे पेनाने नाव, गाव आणि साल लिहून ठेवा. जे म्हातारे अजून बोलते आहेत त्यांना एकदा समोर बसवून एखादा प्रवेश म्हणायला लावा आणि रेकॉर्ड करा. चांगला-वाईट नंतर बघू.

आणि ब्लॉगवाल्या मित्रांनो, तुमच्याकडे, तुमच्या गावात असं काही असेल तर लिहा. वाट बघतोय.