कंसातले नाव, कंसातले साल



मी होमिओपॅथीचा डॉक्टर. बी.एच.एम.एस. झालो, बेळगावात दवाखाना घातला आणि गोड गोळ्या देता देता साठी ओलांडली. इतिहास हा माझा रविवारचा छंद. मंडळाने या वर्षी लिहायला सांगितले तेव्हा ‘संदर्भसूची’ हा रुक्ष विषय मी मागून घेतला. त्याला कारण आहे आणि ते माझ्याच एका चुकीचे आहे, म्हणून आधी तेच सांगतो.

पंधरा-सोळा वर्षांपूर्वी एका स्मरणिकेसाठी मी आपल्या भागातल्या जुन्या जैन बस्त्यांवर लेख लिहिला. किल्ल्यातली कमल बस्ती आपल्या सर्वांच्या पाहण्यातली. रट्ट राजा चौथा कार्तवीर्य याच्या बिचिराज नावाच्या मंत्र्याने १२०४ साली बांधलेली. तिच्यावर पुष्कळांनी लिहिले आहे. खेड्यांतल्या लहान बस्त्यांचे तसे नाही. एका शाळामास्तरांनी निवृत्तीनंतर सायकलवरून गावे पालथी घातली, शिलालेखांचे ठसे घेतले आणि स्वखर्चाने चाळीसेक पानांची पुस्तिका छापली. माझ्या लेखाचा निम्मा भार त्या पुस्तिकेवर होता. संदर्भ मी अंकांनी दिले होते: वाक्याच्या शेवटी बारीक आकडा, लेखाच्या शेवटी त्या क्रमाने यादी. शेवटच्या प्रुफात मला एक संदर्भ सुचला आणि यादीत तो मध्येच घालायला मी चिठ्ठीवर लिहून दिले. अक्षरजुळणी करणाऱ्या मुलाने तो घातला, पुढचे क्रमांक वाढवले. मजकुरातले आकडे मात्र होते तसेच राहिले. तेही वाढवायला हवेत हे मी सांगितले नव्हते आणि त्याला ते सुचण्याचे कारण नव्हते.

परिणाम असा झाला की एका शिलालेखाच्या वाचनापुढे जो १२ हा आकडा होता, तो आता मास्तरांकडे न जाता एका नामांकित प्राध्यापकांच्या ग्रंथाकडे जाऊ लागला. मास्तरांची पुस्तिका १३ झाली आणि पुढच्या परिच्छेदातल्या जत्रेच्या तिथीला जाऊन चिकटली. माझ्या लेखावरून पुढे आणखी दोघांनी ते वाचन प्राध्यापकांच्या नावावर उचलले. एके संध्याकाळी मास्तरांची मुलगी दवाखान्यात आली. दुखणे काही नव्हते. पुस्तिका आणि स्मरणिका शेजारी शेजारी टेबलावर ठेवून म्हणाली, “डॉक्टर, हे वाचन बाबांचं. मग ह्याच्यापुढं सरांचं पुस्तक कसं आलं, तेवढं सांगा बघू.”

मला सांगता आले नाही. सांगायला मी यादीवर बोट ठेवले तेव्हाच चूक माझ्याही ध्यानात आली.

त्या आकड्याच्या जागी आडनाव आणि साल कंसात असते, तर कितीही टिपा वाढल्या तरी ते जागचे हलले नसते. ही कंसाची पद्धत आली कुठून, हे शोधण्याचा नाद मला तेव्हापासून लागला.

ती आली एका गोगलगाईपासून. एडवर्ड लॉरेन्स मार्क हे अमेरिकेतल्या हार्वर्ड विद्यापीठात प्राणिशास्त्राचे अध्यापक. १८८१ साली त्यांनी शंख नसलेल्या एका गोगलगाईच्या अंड्याचे फलन आणि विभाजन यांवर मोठा निबंध प्रसिद्ध केला. त्यात एके ठिकाणी लेखकाचे नाव आणि त्यापुढे कंसात प्रकाशनाच्या सालाचा आकडा त्यांनी दिला आणि तळाशी खुलासा केला. त्याचा आशय असा, की या आकड्याने दोन कामे होतात: शेवटच्या यादीतला लेख सापडतो आणि तो साधारण कधीचा आहे हे वाचकाला जागेवरच कळते. या पद्धतीला पुढे ‘हार्वर्ड पद्धत’ म्हणू लागले. खुद्द हार्वर्डमध्ये मात्र हे नाव कशावरून पडले, याचा पत्ता फारसा कोणाला नव्हता. एली चेर्निन यांनी १९८८ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये लहानसा लेख लिहून धागा मार्क यांच्यापर्यंत नेला, तोवर शंभरावर वर्षे उलटली होती. कोणी काय लिहिले याची नोंद ठेवणाऱ्या पद्धतीचाच कर्ता इतका काळ नोंदीबाहेर राहिला, याची मला मौज वाटते.

मार्क यांनी सांगितलेल्या दोन कामांपैकी दुसरे मला मोलाचे वाटते. प्राणिशास्त्रात तेव्हा दर दोन वर्षांनी मते पालटत होती. १८७५ चे निरीक्षण आणि १८८० चे निरीक्षण यांत सूक्ष्मदर्शकाचा फरक पडलेला असे. साल डोळ्यांसमोर असले की वाचक आपोआप तोलून वाचतो. आम्ही केसपेपरवर लक्षणापुढे ‘कधीपासून’ लिहितो, त्यातलाच प्रकार. उलट आमच्याच शास्त्रातला एक थोर ग्रंथ अंकांचा आहे. टिमथी फील्ड ॲलन यांचा औषधलक्षणांचा कोश १८७४ पासून दहा खंडांत निघाला. त्यात प्रत्येक औषधाच्या आरंभी साक्षीदारांची क्रमवार यादी आहे आणि पुढे शेकडो लक्षणांच्या शेवटी त्या यादीतला क्रमांक. जागा वाचते हे खरे. पण विद्यार्थीदशेत मी तो चाळत असे तेव्हा हे लक्षण हानेमान यांना स्वतःला जाणवले की दुसऱ्या कोणाच्या पुस्तकातून आले, हे पाहायला दर वेळी मागे जावे लागे, आणि चारदा मागे गेल्यावर पाचव्यांदा कोणी जात नाही.

कंसाच्या पद्धतीत सगळेच गोड आहे असे मात्र समजू नका. जुनी पत्रे, महजर, सनदा यांवर काम करणाऱ्याला ती पायात येते. निनावी, बिनतारखेच्या कागदाला कंसात काय लिहावे? म्हणून इतिहासकार तळटिपेला धरून राहिले आणि आपल्याकडचे ‘तत्रैव’, ‘उ. नि.’ हे जुने मित्र अजून टिकून आहेत. शिकागो विद्यापीठाच्या प्रसिद्ध नियमपुस्तकातही दोन्ही पद्धती शेजारी शेजारी नांदतात.

आता यंत्राकडे वळू. डोनाल्ड नुथ या अमेरिकन गणितज्ञाच्या संगणकशास्त्रावरील ग्रंथमालेचे पहिले खंड खिळ्यांनी जुळवलेले, देखणे. १९७७ साली दुसऱ्या खंडाच्या नव्या आवृत्तीची प्रुफे फोटोटाइपसेटिंगने होऊन आली आणि ती पाहून त्यांचे मन विटले. हातातले लेखन बाजूला ठेवून त्यांनी स्वतःच अक्षरजुळणीची प्रणाली लिहायला घेतली. तिचे नाव ‘टेक’. रोमन लिपीतले शेवटचे अक्षर एक्स दिसते, पण ते ग्रीक ‘खाय’ आहे, कला या अर्थाच्या ग्रीक शब्दातले. काम लवकर आटोपेल असा त्यांचा अंदाज होता. गेली जवळजवळ दहा वर्षे. चूक दाखवणाऱ्याला ते दोन डॉलर छप्पन्न सेंटचा धनादेश पाठवत आणि लोक तो न वटवता चौकटीत लावून ठेवत.

१९८० च्या दशकाच्या आरंभी लेस्ली लॅम्पोर्ट यांनी टेकवर ‘लाटेक’ उभारले आणि १९८५ साली ओरेन पटाश्निक यांनी त्याला जोड म्हणून ‘बिबटेक’ लिहिले. मला पकडले ते यातल्या कल्पनेने. कल्पना ब्रायन रीड यांच्या ‘स्क्राइब’ या आधीच्या प्रणालीतली: पुस्तकाची माहिती एकदाच, एका जागी ठेवायची. लेखक, शीर्षक, साल, प्रकाशक असे कप्पे, आणि त्या नोंदीला एक खुणेचे नाव. मजकुरात लेखकाने फक्त ती खूण लिहायची. कंस, स्वल्पविराम, यादीचा क्रम, काय ठळक आणि काय तिरके, हे सारे शैलीची वेगळी फाईल ठरवते. मजकुरात उल्लेख नाही ते पुस्तक एरवी यादीत येत नाही, आणि उल्लेख केलेले सुटले तर यंत्र कुरकुरते.

इथे मला कबूल करावे लागेल की ही सोय माझ्याकडे असती तर अंकांनीही माझा घात केला नसता. टीप वाढली की यंत्र सगळे पुन्हा मोजते. मग कंसाचा आग्रह कशाला? माझे उत्तर मास्तरांच्या मुलीकडे आहे. तिला यादीत बाबांचे नाव हवे होते असे नाही, ते यादीत होतेच. तिला ते त्या वाक्यात हवे होते.

बिबटेक मुळात अंकांकडे झुकलेले. नाव-सालाची सोय नीट लावली ती जर्मनीतल्या माक्स प्लांक संस्थेत काम करणाऱ्या पॅट्रिक डेली यांनी, १९९० च्या दशकात, ‘नॅटबिब’ या जोडणीने. वाक्यात बसणारा उल्लेख वेगळा, कंसातला वेगळा: ‘राजवाडे (१८९८) म्हणतात’ आणि ‘(राजवाडे, १८९८)’. यासाठी दोन निरनिराळ्या आज्ञा आहेत. एकाच लेखकाची एकाच सालची दोन पुस्तके असली तर सालापुढे अक्षर लावून यंत्र ती वेगळी करते. २००६ पासून फिलिप लेमन यांचे ‘बिबलाटेक’ आले, त्याच्या जोडीला ‘बायबर’, आणि मग देवनागरीसुद्धा या घरात सरळ नांदू लागली.

मी हे सारे गेल्या चार वर्षांत पुतण्याकडून शिकलो, आणि खऱ्या अडचणी तिथून पुढे लागल्या. यंत्राला माणसाचे नाव कळते ते युरोपातल्यासारखे: आधी स्वतःचे, शेवटी आडनाव, मध्ये ‘व्हॅन’, ‘फोन’ असले काही. हे मधले शब्द ते ओळखते लहान लिपीतल्या अक्षरावरून. देवनागरीत लहान-मोठी लिपी नाहीच. स्वल्पविराम न देता मी ‘साने गुरुजी’ लिहिले; यंत्राने ‘गुरुजी, साने’ करून त्यांना ‘ग’मध्ये नेऊन बसवले. तुकडोजी महाराज ‘म’मध्ये गेले. आमच्या आचार्यांना तर आडनावच नाही. अशा नावाला जादा महिरपी कंस घालून ‘हे अखंड आहे, तोडू नको’ असे बजावावे लागते. वर्णक्रमाचेही तसेच. अक्षरांच्या संगणकीय क्रमाने लावले तर ‘क्ष’ ‘क’मध्ये, ‘ज्ञ’ ‘ज’मध्ये आणि ‘ळ’ ‘व’च्या आधी येतो. बायबर भाषेप्रमाणे क्रम लावते, पण ‘क्ष’, ‘ज्ञ’ कुठे असावेत यावर आपल्यातच दोन मते, मग बिचाऱ्या यंत्राचे काय?

सर्वांत गोड अडचण विभक्तीची. इंग्रजीत नाव वाक्यात कुठेही तसेच बसते. मराठीत ‘राजवाडे (१८९८) यांनी’ असे दर ओळीला लिहिले तर सरकारी पत्रकासारखे वाटते. आपण ‘राजवाड्यांनी’ म्हणतो. ते सामान्यरूप यंत्र करीत नाही. तेव्हा नाव हाताने लिहायचे आणि यंत्राकडून फक्त कंसातले साल मागायचे, तशी आज्ञा आहे. थोडे जास्तीचे काम, पण वाक्य मराठी राहते.

आणि साल तरी कोणते? जुन्या मराठी पुस्तकांवर शके असतो, गुजरातेतल्या पुस्तकांवर विक्रम संवत, आम्हा जैनांच्या पुस्तकांवर वीर निर्वाण संवत. शकात ७८ मिळवले की इसवी सन, असे आपण शाळेत शिकलो. पण शकाचे वर्ष चैत्रात सुरू होऊन पुढच्या इसवी सनातल्या फाल्गुनापर्यंत जाते, म्हणून पौषानंतरच्या पुस्तकाला बहुधा ७९ लागतात. वीर निर्वाण संवत दिवाळीला पालटतो, तिथे कधी ५२७ वजा करायचे, कधी ५२६. शके १८२० आणि सन १८९८ शेजारी ठेवले तर यंत्र १८२० ला अठ्ठ्याहत्तर वर्षे आधी ढकलते. मी आता असे करतो: सालाच्या कप्प्यात इसवी सन, आणि टीपेच्या कप्प्यात पुस्तकावर छापलेला मूळ संवत, जसाच्या तसा. मूळ कधीही पुसायचा नाही. पुढच्या माणसाला माझे गणित तपासता आले पाहिजे.

मास्तरांच्या पुस्तिकेवर सन नाहीच. ‘वीर निर्वाण संवत २४९९, दशलक्षण पर्व’ एवढेच आहे. दशलक्षण भाद्रपदात येते, म्हणजे दिवाळीच्या आधी. ५२६ वजा करून १९७३. त्यांच्या आडनावाची आपल्या भागात गावात निम्मी घरे असतील, आणि त्याच आडनावाच्या दुसऱ्या एकाचे १९७३ चेच पुस्तक माझ्या यादीत निघाले, म्हणून यंत्राने सालापुढे अक्षर जोडले. ते नाव मी या लेखात घेतलेले नाही. मुलीला विचारले तेव्हा ती म्हणाली, बाबांचं नाव त्यांच्या वाचनापुढं येऊ दे, तुमच्या चुकीच्या गोष्टीत नको. बस्त्यांवरचा तो लेख मी पुन्हा जुळवून पूर्ण केला आहे. दुरुस्त प्रत वेगळी छापून स्मरणिका ज्या ज्या वाचनालयांत गेली होती तिथे पाठवतो आहे. ज्या दोघांनी ते वाचन उचलले, त्यांनाही पत्रे लिहिली. एकाचे उत्तर आले आहे.