स्वतःचाच तोतया

10 जानेवारी 1950. नॅशव्हिलच्या ट्युलेन हॉटेलात तुम्ही शिरता. इथेच कॅसल स्टुडिओ आहे, डब्ल्यूएसएम रेडिओच्या तीन इंजिनिअरांनी थाटलेला. दार लागलं की खोकायचंसुद्धा नाही.

माइकपुढे सव्वीस वर्षांचा उंच, हडकुळा कंट्री गायक हँक विल्यम्स उभा आहे. कण्याचं जन्मजात दुखणं, त्यावर दारूचा उतारा; हे इथे सगळ्यांना माहीत. कालच त्याने 'लाँग गॉन लोन्सम ब्लूज' गळा पिळवटून गायलं. आज तो बहुतेक बोलणारच आहे, मागे ऑर्गनचे संथ सूर.

तबकडीवर मात्र नाव येईल 'ल्यूक द ड्रिफ्टर'. कारण निव्वळ धंद्याचं. ज्यूकबॉक्सवाले हँकची तबकडी न ऐकताच उचलतात. शनिवारी रात्री बिअर पीत बसलेल्या गिऱ्हाइकाने त्याचं नाव पाहून नाणं टाकलं आणि आतून मयत निघालं तर?

मयतच निघतं. 'द फ्यूनरल'. छोटं चर्च, कृष्णवर्णीय मुलाची शवपेटी, सांत्वन करणारा वृद्ध धर्मोपदेशक. हँकचा आवाज खाली येतो आणि तुमच्या घशात आवंढा. पण त्या माणसांच्या केसा-ओठांचं वर्णन सुरू झालं की तुम्ही कानकोंडे होता. कळवळा खरा आहे, नजर गोऱ्याची. बाहेरच्या शहरात बसमध्येही काळ्यांच्या जागा वेगळ्या आहेत.

'टू मेनी पार्टीज अँड टू मेनी पॅल्स' म्हणजे कोर्टातलं रडगाणं, 1920च्या दशकातलं. वाईट संगतीबद्दलचा हा उपदेश हँकच्या तोंडून! तरी तो खोटा वाटत नाही. ज्याला ठेच लागली तोच सांगतोय. कालच्या गाण्यापेक्षा इथे तो जास्त उघडा पडलाय, असं मला वाटतं. उसनं नाव घेतलं की माणूस धीट होतो बहुधा.

मग 'एव्हरीथिंग्ज ओके'. डुकरं रोगाने गेली, मधमाश्या पोळं सोडून गेल्या, पावसाने गवत कुजलं. शेतकरी म्हणतो, बाकी सगळं ठीक. तुम्हाला फिस्सकन हसू येतं, ते तुम्ही रुमालात दाबता.

आता झपकन पुढे या. 1 जानेवारी 1953ला, एकोणतिसाव्या वर्षी, प्रवासात मोटारीच्या मागच्या सीटवर हँक गेला. त्यानंतर त्याच्या तबकड्या काढणाऱ्या एमजीएम कंपनीने ल्यूकची कथनं दहा इंची एलपीवर काढली. त्याच्या मुखपृष्ठावर कंपनीने दोन्ही नावं एकत्र छापली: 'हँक विल्यम्स अ‍ॅज ल्यूक द ड्रिफ्टर'. आता हँकचंच नाव विकायचं होतं.