एक कथा, दोन दिग्दर्शक

भयकथेतील भय नेमके कोठे वसते? कथेत, की ती सांगणाऱ्याच्या दृष्टीत? मराठी चित्रपटाच्या इतिहासात या प्रश्नाची एकदा चांगली परीक्षा झालेली आहे.

जयंत देवकुळे यांच्या ‘आशा परत येते’ या कादंबरीवरून राजा परांजपे यांनी १९६४ साली ‘पाठलाग’ हा चित्रपट केला. पत्नीच्या मृत्यूने खचलेला एक वकील. आणि गुन्हेगार म्हणून पकडली गेलेली, हुबेहूब तिच्याच चेहऱ्याची एक स्त्री. ‘मीच तुमची पत्नी’ असे ती भर न्यायालयात सांगते. काशिनाथ घाणेकर आणि भावना यांच्या यात प्रमुख भूमिका होत्या. १९५२ साली ‘लाखाची गोष्ट’ आणि ‘पेडगावचे शहाणे’ या चित्रपटांनी महाराष्ट्राला हसविणारा हा दिग्दर्शक येथे प्रेक्षकांच्या अंगावर काटा आणतो. चित्रपटाला राष्ट्रीय पुरस्कारही लाभला.

दोनच वर्षांनी, १९६६ साली, राज खोसला यांनी हीच कथा ‘मेरा साया’ या नावाने हिंदीत आणली. पंजाबात जन्मलेले खोसला हे गुरुदत्तांचे साहाय्यक. ‘वह कौन थी’ या १९६४ च्या चित्रपटात पावसाळी रात्री मोटार अडविणारी शुभ्रवस्त्रा स्त्री त्यांनीच उभी केली होती. कृष्णधवल पडद्यावरची कथा आता रंगीत झाली. वकील ठाकूर झाला. उदयपूरचे महाल आणि सरोवरे आली. सुनील दत्त आणि साधना आले. मदनमोहनांच्या संगीतात लताबाईंचा स्वर दिवंगत पत्नीच्या सावलीसारखा नायकाभोवती फिरू लागला. १९६५ साली तमिळमध्येही ही कथा ‘इदय कमलम्’ या नावाने अवतरली होती.

वेष बदलला, वैभव बदलले. भय मात्र बदलले नाही. कारण या कथेत भूत नाहीच. उलगडा होतो तो जुळ्या बहिणीच्या रूपाने, म्हणजे बुद्धीला पटणाऱ्या कारणाने. जिला आपण स्वतः अग्नी दिला तीच समोर उभी राहून आपल्या एकांतातल्या खुणा सांगू लागली, तर विश्वास कोणावर ठेवावा, स्वतःच्या डोळ्यांवर की तिच्या शब्दांवर? हा पेच कोणत्याही दिग्दर्शकाच्या हाती तितकाच धारदार राहतो.

म्हणून या दोघांत श्रेष्ठ कोण, हा वाद निष्फळ होय. खोसलांनी कथेला देशभरचा प्रेक्षक दिला, हे त्यांचे ऋण मान्यच आहे. परंतु ‘मेरा साया’चे सूर ऐकताना त्या सावलीमागची मूळ काया मराठी आहे, एवढे स्मरण आपण ठेवावयास हवे.